मेघाश्रित ग्रंथालयें आणि आपल्या पोथ्या

१. प्रस्ताव

गेल्या दोन-तीन वर्षांत जुनीं दप्तरें व पोथ्या बाळगणाऱ्या गृहस्थांकडून आम्हांस एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं विचारला जात आहे. गेल्या वैशाखांत असेच एक गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांच्या घरीं चार रुमाल कागद व साठ-सत्तर पोथ्या आहेत. त्यांच्या चिरंजीवांनीं त्यांपैकीं बहुतेकांच्या प्रतिमा काढून त्या ‘क्लाउड’वर चढविल्या आहेत. वडिलार्जित वाडा विकावयाचा असल्यामुळें मूळ कागदांचें काय करावें, असा विचार आतां घरांत चालला आहे. ते म्हणाले, “गुरुजी, सगळें वर सुरक्षित आहे असें मुलगा म्हणतो. मग हें ओझें संभाळावयाचें तें कशाला?”

प्रश्न सरळ होता आणि विचारणाराच्या मनांत पोथ्यांविषयीं अनादर मुळींच नव्हता. म्हणूनच त्यास तडकाफडकीं उत्तर देणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. क्लाउड म्हणजे काय, त्यायोगें ग्रंथालयांच्या व्यवहारांत कोणता पालट झाला आहे, आणि त्यांत संग्राहकांचा लाभ किती व धोका किती, ह्याचा विचार करूनच उत्तर द्यावें असें आम्हीं ठरविलें. प्रस्तुत लेख हें तें उत्तर होय.

२. मेघाचें स्वरूप

‘क्लाउड’ या शब्दाचा अर्थ मेघ. आपल्या केंद्र सरकारनेंहि आपल्या अशा व्यवस्थेस ‘मेघराज’ हेंच नांव दिलें असून राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राचा मेघ २०१४ सालीं सुरू झाला. कालिदासाच्या यक्षानें आपला निरोप मेघाच्या हवालीं केला, त्याचप्रमाणें आपला संग्रह कोणा आकाशस्थ वस्तूच्या स्वाधीन होतो, अशी समजूत या नांवामुळें होण्याचा संभव आहे. ती सर्वस्वी चुकीची आहे. हा मेघ जमिनीवर असतो. मोठमोठ्या इमारतींत संगणकांचीं कपाटें रांगेनें उभीं केलेलीं असतात. तीं रात्रंदिवस विजेवर चालतात, तापतात, म्हणून त्यांस सतत थंड राखावें लागतें. आपण जें ‘वर’ चढवितों तें वस्तुतः कोठल्या तरी गांवीं, कोणाच्या तरी इमारतींत, एखाद्या तबकडीवर जाऊन बसतें.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविज्ञान संस्थेनें सप्टेंबर २०११ मध्यें या व्यवस्थेचें लक्षण बांधून प्रसिद्ध केलें. त्यांत पांच गोष्टी सांगितल्या आहेत: ग्राहकास हवें तेव्हां स्वतःच साधन घेतां येणें, जाळ्यावरून कोठूनहि तें वापरतां येणें, एकच साधनसंचय अनेक ग्राहकांनीं वांटून घेणें, गरजेप्रमाणें तो तत्काळ वाढवितां अगर आटोपतां येणें, आणि जेवढा वापर होईल तेवढ्याचें मोजमाप होणें. संग्राहकाच्या भाषेंत बोलावयाचें तर ही भाड्याची वखार आहे. इमारत दुसऱ्याची, कपाटें दुसऱ्याचीं, पहारेकरी दुसऱ्याचे. माल तेवढा आपला, आणि भाडें आपण चुकतें करीत आहों तोंवरच तो तेथें राहावयाचा.

जागा किती लागते याचाहि अंदाज घेणें जरूर आहे. पोथीचें एक पत्र बारा इंच लांब व पांच इंच रुंद धरलें, आणि दर इंचास ६०० ठिपके या मानानें त्याची रंगीत प्रतिमा काढली, तर लांबींत ७,२०० व रुंदींत ३,०००, मिळून २ कोटी १६ लक्ष ठिपके होतात. दर ठिपक्यास तीन बाइट धरल्यास, आकुंचित न केलेल्या एका बाजूच्या प्रतिमेस सुमारें ६५ मेगाबाइट जागा लागते. दोनशें पत्रांच्या पोथीच्या चारशें बाजूंस २६ गिगाबाइट, आणि अशा एक हजार पोथ्यांस २६ टेराबाइट. एवढा संचय राखावयाचा म्हणजे तबकड्या विकत घेणें, त्या बिघडल्या कीं बदलणें व त्यांची राखण करणारा जाणता मनुष्य पदरीं ठेवणें आलें. लहान संस्थेस हें झेपत नाहीं. मेघाकडे ग्रंथालयें वळलीं तीं हौसेनें नव्हे. या अडचणीनें वळलीं.

३. सूचींतील पालट

पहिला पालट सूचींत झाला. हस्तलिखितांच्या अभ्यासकास सूचीचें महत्त्व सांगावयास नको. थिओडोर ऑफ्रेख्ट यानें निरनिराळ्या संग्रहांच्या याद्या एकत्र करून संस्कृत ग्रंथांची महासूची १८९१ ते १९०३ या काळांत तीन भागांत छापली. मद्रास विद्यापीठानें तीच कल्पना पुढें नेऊन नवी महासूची हातीं घेतली व तिचा पहिला खंड १९४९ सालीं निघाला. अशा सूचीचा गुण असा कीं, काशींत बसून तंजावरच्या पोथीचा पत्ता लागतो. दोष असा कीं, खंड छापून निघतो त्याच दिवशीं तो जुना होऊं लागतो. मागाहून सांपडलेल्या पोथीस त्यांत जागा नसते.

१९७१ सालीं अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत अनेक ग्रंथालयांनीं एकाच संगणकावर एकच सूची जोडीनें लिहिण्याचा उपक्रम सुरू केला. एका ग्रंथालयानें एका पुस्तकाची नोंद केली कीं तीच नोंद इतरांनीं वापरावी, हें त्याचें तत्त्व. पुढें हीच सूची ‘वर्ल्डकॅट’ या नांवानें जगभर पसरली. मेघव्यवस्थेनें याच तत्त्वाची पूर्तता केली आहे. पूर्वीं प्रत्येक ग्रंथालयास आपला संगणक, आपली प्रणाली व आपला जाणकार लागत असे. आतां सूची, देवघेव, वर्गणीदारांची नोंद हीं सर्व कामें दूरस्थ संगणकावर चालतात व ग्रंथपालासमोर केवळ पडदा असतो. आपल्याकडील सरकारी ‘ई-ग्रंथालय’ प्रणालीची चौथी आवृत्ति याच पद्धतीनें चालते. तालुक्याच्या गांवचें वाचनालयहि यामुळें आपली यादी जगास दाखवूं शकतें, हा लाभ लहान नाहीं. ज्या संग्रहांची नांवें ऑफ्रेख्टच्या कानावर कधीं गेलीं नसतीं, त्यांसहि आतां सूचींत येण्यास वाट झाली आहे.

४. विखुरलेल्या पोथीचें संमीलन

दुसरा पालट प्रतिमांच्या बाबतींत झाला, आणि आमच्या मतें तोच अधिक मोलाचा आहे. मेवाडच्या रामायणाचें उदाहरण घेऊं. मेवाडचे राणे जगत्सिंह (राज्यकाल १६२८–१६५२) यांच्या आज्ञेनें वाल्मीकिरामायणाची ही सचित्र पोथी तयार झाली. संहिता लिहिणारा जैन लेखक महात्मा हीरानंद. चित्रकारांत साहिबदीन व मनोहर यांचीं नांवें प्रसिद्ध आहेत. १६४९ ते १६५३ या वर्षांत तिचे भाग लिहिले गेले व चित्रांची संख्या चारशेंवर होती. पुढें राणे भीमसिंह यांजकडून चार भाग जेम्स टॉड यास मिळाले. त्यानें ते ड्यूक ऑफ ससेक्स यास दिले. १८४४ सालीं ते ब्रिटिश म्यूझियमकडे गेले व आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. बालकांडाचा मोठा भाग मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत आहे. उरलेलीं पत्रें राजस्थानांत, बडोद्यांत व खाजगी संग्रहांत विखुरलीं आहेत.

ही पोथी पुनः एके ठिकाणीं येईल ही आशा व्यर्थ होती. कोणतीहि संस्था आपलीं पत्रें सोडावयाची नाहीं. परंतु लंडन व मुंबई येथील दोन संस्थांनीं मिळून सर्व भागांच्या प्रतिमा एकत्र केल्या आणि २०१४ सालीं तें रामायण जाळ्यावर क्रमानें वाचतां येऊं लागलें. एकाहि संग्रहांतून एकहि पत्र हाललें नाहीं, आणि तरीहि वाचकापुरती पोथी अखंड झाली.

त्यानंतर ब्रिटिश लायब्ररी, ऑक्सफर्डची बोडलियन, फ्रान्सचें राष्ट्रीय ग्रंथालय इत्यादि संस्थांनीं २०१५ सालीं एक संघ स्थापून प्रतिमांच्या देवघेवीचे समान संकेत पुढें चालविले. ‘ट्रिपल-आय-एफ’ या नांवानें ते ओळखले जातात. त्यांचा उपयोग असा कीं, एका ग्रंथालयाची प्रतिमा दुसऱ्यानें उतरून न घेतांहि, दोन देशांतील दोन पोथ्यांचीं पत्रें एकाच पडद्यावर शेजारीं शेजारीं ठेवून पाठ ताडून पाहतां येतात. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत कसें चाललें तें ज्यांनीं वाचलें आहे त्यांस यांतील मर्म ध्यानीं येईल. हजारावर हस्तलिखितें पाहावयाचीं. कांहीं पुण्यास आणावयाचीं. जीं आणतां येत नाहींत त्यांसाठीं तंजावर व शांतिनिकेतन येथें पाठ जुळविण्याचीं केंद्रें काढावयाचीं. श्लोकाचें एकेक अक्षर फर्देवर मांडावयाचें. विष्णु सीताराम सुखटणकर १९४३ सालीं निवर्तले, तेव्हां काम अर्धेंहि झालें नव्हतें; तें १९६६ सालीं पुरें झालें. पाठनिर्णयास लागणारी विद्वत्ता मेघ देऊं शकत नाहीं. प्रवास, पत्रव्यवहार व प्रतीक्षा यांत जाणारीं वर्षें मात्र तो वांचवूं शकतो.

संकटकाळीं याचा प्रत्यय आला. २०२० सालीं महामारीमुळें ग्रंथालयांचीं दारें बंद झालीं, तेव्हां अमेरिकेंतील ‘हाथीट्रस्ट’ या संघानें सभासद ग्रंथालयांच्या वाचकांस, त्या त्या ग्रंथालयांत जीं पुस्तकें छापील रूपानें होतीं त्यांच्या प्रतिमा घरबसल्या वाचण्याची सोय मार्चअखेर करून दिली. २००८ सालीं स्थापन झालेल्या या संघाच्या संचयांत आज १ कोटी ८० लक्षांहून अधिक खंड आहेत, आणि त्या संचयाच्या प्रती अमेरिकेंतील दोन निरनिराळ्या शहरांत राखल्या जातात. हत्ती विसरत नाहीं, या समजुतीवरून तें नांव ठेविलें आहे.

५. मेघहि जळतो

येथवर लाभ झाले. आतां दुसरी बाजू.

ज्या ब्रिटिश लायब्ररीनें मेवाडची पोथी एकत्र केली, तिच्यावरच २८ ऑक्टोबर २०२३ रोजीं मोठें संकट कोसळलें. ‘ऱ्हायसिडा’ नामक टोळीनें तिच्या संगणकांत शिरून सुमारें ६०० गिगाबाइट कागदपत्र चोरले, कित्येक सर्व्हर नष्ट केले व खंडणी मागितली. ग्रंथालयानें ती दिली नाहीं. परंतु संकेतस्थळ, सूची, पोथ्यांच्या प्रतिमा हें सर्व एकाएकीं अदृश्य झालें. मुख्य सूची केवळ वाचण्यापुरती १५ जानेवारी २०२४ रोजीं परत आली; बाकीच्यास याहून पुष्कळ अधिक काळ लागला.

ग्रंथालयानें मार्च २०२४ मध्यें या प्रकरणाचा वृत्तांत प्रसिद्ध केला, तो प्रत्येक संस्थाचालकानें वाचावा असा आहे. त्यांत तीन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली, संग्रहाच्या प्रती सुरक्षित होत्या, पण त्या पुनः मांडावयास चालते संगणकच उरले नव्हते. म्हणजे धान्य शाबूत आणि चूल मोडलेली, अशी अवस्था झाली. दुसरी, जीं कामें भाड्याच्या मेघावर होतीं, उदाहरणार्थ पगार व हिशेब, तीं बिनधोक चालू राहिलीं. हल्ला बसला तो ग्रंथालयाच्या स्वतःच्या जुन्या यंत्रणेवर. तिसरी, यापुढें अधिक काम मेघावर नेण्याचा निश्चय करितांनाच, त्याचे धोके वेगळे आहेत हेंहि ग्रंथालयानें मान्य केलें. सबब या प्रकरणावरून मेघ वाईट असें अनुमान काढणें न्याय्य नाहीं. आणि मेघ निर्भय असेंहि नाहीं.

या प्रसंगांत मराठीच्या अभ्यासकांसाठीं एक बोध आहे. त्या ग्रंथालयांतील मराठी हस्तलिखितांच्या दोन छापील सूची उपलब्ध आहेत: ब्लुमहार्ट यानें केलेली ब्रिटिश म्यूझियममधील संग्रहाची १९०५ ची, आणि ब्लुमहार्ट व सदाशिव गोविंद कान्हेरे या दोघांच्या नांवें निघालेली इंडिया ऑफिसमधील संग्रहाची १९५० ची. लंडनची यंत्रणा बंद असतांहि ज्याच्या कपाटांत हीं दोन पुस्तकें होतीं, त्यास तेथें कोणती पोथी कोणत्या क्रमांकाची आहे हें पाहतां येत होतें. छापील सूचीस कुलूप घालणें त्या टोळीस शक्य नव्हतें.

मेघाच्या इमारतीस आगहि लागते. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथें एका मोठ्या मेघव्यवसायाची इमारत जळाली व ज्यांनीं आपला संचय अन्यत्र ठेविला नव्हता अशा अनेकांचा तो कायमचा गेला. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं दक्षिण कोरियांतील देजॉन येथें सरकारी संगणककेंद्रास आग लागली. सरकारी कामगारांचे कागद ज्या सामायिक संचयांत ठेवण्यांत येत, तो ८५८ टेराबाइटचा संचय नष्ट झाला, कारण त्याची दुसरी प्रत अन्यत्र नव्हती. वर आम्हीं जें माप घेतलें त्या मापानें हा संचय ३३,००० पोथ्यांच्या बरोबरीचा होतो. एका सरकारची ही गत, तर खाजगी माणसानें निष्काळजी राहावें हें ठीक नव्हे.

६. मालकी कोणाची?

आग व चोरी हे धोके जुनेच आहेत. ५ जानेवारी २००४ रोजीं भांडारकर मंदिरांत झालेली नासधूस आपल्या सर्वांच्या स्मरणांत आहे. परंतु मेघानें एक नवा धोका आणला आहे, आणि तो मालकीचा. ग्रंथालय छापील पुस्तक विकत घेई तेव्हां तें त्याचें होई. मेघावरील पुस्तक बहुधा विकलें जात नाहीं. तें वाचण्याचा परवाना दिला जातो. जुलै २००९ मध्यें ॲमेझॉन कंपनीनें जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ या कादंबरीच्या कांहीं विकलेल्या प्रती, त्या विकण्याचा हक्क विकणारास नव्हता असें कळतांच, ग्राहकांच्या यंत्रांतून दूरूनच पुसून टाकल्या. पैसे परत केले गेले व कंपनीनें मागाहून दिलगिरीहि दर्शविली. परंतु रात्रीं कपाटांत ठेविलेलें पुस्तक सकाळीं नाहींसें होऊं शकतें, हें त्या दिवशीं लोकांस समजलें. २०१९ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपलें ई-पुस्तकांचें दुकान बंद केलें, तेव्हां तर सर्वच विकलेलीं पुस्तकें वाचेनाशीं झालीं.

आपल्याकडील उदाहरण अधिक बोलकें आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकारानें ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा प्रकल्प उभा राहिला व देशांतील अनेक ग्रंथालयांतील लक्षावधि पुस्तकांच्या प्रतिमा त्यांत जमा झाल्या. त्यांत दुर्मिळ मराठी पुस्तकेंहि होतीं. पुढें तें स्थळ बंद पडलें. तरीहि त्यांतील चार लाखांहून अधिक पुस्तकें आज वाचतां येतात. कारण तीं स्थळ बंद पडण्याच्या सुमारास, २०१७ सालीं, कार्ल मालामूद यांच्या खटपटीनें अमेरिकेंतील ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर नेऊन ठेविलीं गेलीं होतीं. त्या आर्काइव्हवरहि ऑक्टोबर २०२४ मध्यें हल्ला झाला व कांहीं दिवस तें बंद राहिलें. तात्पर्य, कोणतेंहि एक स्थान कायमचें नाहीं. ग्रंथ तरतो तो दुसरी प्रत दुसऱ्याच्या हातीं असल्यामुळें.

७. पूर्वजांची युक्ति

पोथीच्या अंतीं लेखक हात जोडून विनंति करी कीं, हिला तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, सैल बांधणीपासून राखा आणि मूर्खाच्या हातीं देऊं नका. आज त्या यादींत भर घालावी लागेल: थकलेल्या भाड्यापासून राखा, हरवलेल्या पासवर्डापासून राखा. मूर्खाचा हात मात्र जुन्या यादींतलाच पुरे आहे.

विनंतीवर न थांबतां आपल्या पूर्वजांनीं दोन व्यावहारिक उपायहि योजिले होते, आणि नवीन विद्येंत नेमके तेच पुनः आले आहेत.

पहिला उपाय मोजदादीचा. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ, या मानानें पोथीच्या शेवटीं ग्रंथसंख्या लिहिण्याची चाल होती. नक्कल करणारानें संख्या ताडून पाहिली कीं कांहीं गळलें आहे कीं काय हें कळे. वेदपाठकांनीं तर पद, क्रम, जटा, घन अशा रीतींनीं एकच मंत्र उलटसुलट म्हणून अक्षर ढळण्यास जागाच ठेविली नाहीं. संगणकविद्येंत यासच समांतर अशी ‘शा-२५६’ नांवाची रीति आहे. तिच्या योगें कितीहि मोठ्या फाइलीवरून ६४ चिन्हांची एक ओळ काढतां येते. फाइलींतील एक ठिपका बदलला तरी ती ओळ बदलते. आज ती ओळ वहींत लिहून ठेवावी व वर्षानें पुनः काढून ताडून पाहावी. जुळली तर प्रतिमा जशीच्या तशी आहे असें खुशाल समजावें. ग्रंथसंख्येचेंच हें कडक रूप होय.

दुसरा उपाय बहुप्रतींचा. काश्मीरांत प्रत बुडाली तरी केरळांत उरे. म्हणून तर पाठभेदांची कटकट आपल्या वांट्यास आली आणि ग्रंथहि आला. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयानें गेल्या शतकाच्या अखेरीस ‘लॉक्स’ नांवाची योजना काढली. ‘पुष्कळ प्रती वस्तूस राखतात’ हाच त्या नांवाचा आशय. अनेक ग्रंथालयांनीं आपापल्या संगणकांवर एकच ग्रंथ ठेवावयाचा, त्या संगणकांनीं परस्परांशीं प्रती ताडून पाहावयाच्या, आणि जी प्रत बहुमताशीं जुळणार नाहीं ती दुरुस्त करावयाची. चिकित्सित आवृत्तीच्या संपादकास ही पद्धति ओळखीची वाटेल. फरक इतकाच कीं, येथें बहुमत चालतें, आणि संपादकास तें नेहमींच मानतां येत नाहीं.

८. प्रतिमेंत न येणारें

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. प्रतिमा उत्तम आहे, तीन ठिकाणीं राखली आहे, दरवर्षीं ताडून पाहिली आहे. मग मूळ कागद ठेवावा कशाला?

याचें उत्तर असें कीं, प्रतिमा म्हणजे कागदास विचारलेल्या एका प्रश्नाचें उत्तर. कोणतें अक्षर लिहिलें आहे, एवढाच तो प्रश्न. उद्यांचा संशोधक दुसरे प्रश्न विचारील. कागद उजेडासमोर धरला तर त्यांतील जलचिन्ह दिसतें. विलायती कागदाच्या जलचिन्हांत कधीं कधीं सालाचा आंकडाहि असतो, आणि पत्रावरची मिती त्याच्या पूर्वींची निघाली तर पत्र बनावट ठरतें. नेहमींच्या प्रतिमेंत हें दिसत नाहीं, कारण तेथें उजेड वरून पाडलेला असतो. हरताळ फांसून खोडलेल्या अक्षराखालीं पूर्वीं काय होतें, शिक्का आधीं उमटला कीं मजकूर आधीं लिहिला गेला, दोन बंद कोणत्या ठिकाणीं चिकटविले आहेत, शाई कोणती, कागद कोठला, या साऱ्यांचीं उत्तरें कागदाजवळ आहेत. रुमालाचा क्रमहि पुरावाच असतो. कोणता कागद कोणाच्या शेजारीं बांधला होता यावरून बिनतारखेच्या पत्राचा काळ ठरवितां येतो. प्रतिमा काढतांना रुमाल सोडला आणि क्रम टिपून ठेविला नाहीं, तर तो पुरावा त्याच क्षणीं नष्ट होतो.

शिवाय, प्रतिमा पूर्ण आहे हें तरी कशावरून? वर सांगितलेल्या गृहस्थांच्या एका पोथीवर आम्हीं हा प्रयोग करून पाहिला. पोथीचीं पत्रें ४८, म्हणजे बाजू ९६. मेघावर प्रतिमा ९४ निघाल्या. शोध करितां असें दिसलें कीं, ३० वें व ३१ वें पत्र ओलाव्यानें एकमेकांस चिकटलें होतें. प्रतिमा काढणारानें तें एकच पत्र समजून उलटलें, आणि ३० व्याची मागील व ३१ व्याची पुढील बाजू गळाली. मूळ पोथी रद्दींत गेली असती तर त्या दोन बाजूंवरील मजकूर जगांत कोठेंहि उरला नसता, आणि ‘वर सगळें सुरक्षित आहे’ हें समाधान तेवढें उरलें असतें. पुढें पाहतां, सर्व प्रतिमा चिरंजीवांच्या एकट्याच्या खात्यांत होत्या. त्याचें भाडें त्यांच्या पगारांतून जात होतें, आणि पासवर्ड दुसऱ्या कोणास ठाऊक नव्हता.

९. उपसंहार

येणेंप्रमाणें विचार करितां आमचें मत असें झालें आहे कीं, मेघाचा आश्रय करावा, पण मेघावर विसंबून राहूं नये. संग्राहकांनीं निदान पुढील गोष्टी पाळाव्या.

प्रतिमा काढण्यापूर्वीं रुमालांतील क्रम कागदावर टिपावा व पत्रें मोजावीं; काढल्यावर बाजूंची संख्या ताडून पाहावी. प्रतिमा ‘टिफ’सारख्या सर्वमान्य रूपांत ठेवावी, एकाच कंपनीच्या प्रणालींत उघडेल अशा रूपांत ठेवूं नये. प्रती तीन असाव्या: एक आपल्या घरीं तबकडीवर, दुसरी दुसऱ्या शहरांतील एखाद्या संस्थेकडे, तिसरी मेघावर. खातें एका व्यक्तीच्या नांवें न ठेवतां संस्थेच्या अगर कुटुंबांतील दोघांच्या माहितींत असावें. करार करितांना तीन प्रश्न अवश्य विचारावे: प्रतिमांचा मालक कोण, सर्व संचय एकदम परत न्यावयाचा झाल्यास काय पडेल, आणि भाडें थकल्यास किती दिवसांनीं माल काढून टाकण्यांत येईल? सूचीची एक प्रत छापून चार ग्रंथालयांस वांटावी. लंडनच्या अनुभवावरून हा खर्च वायां जात नाहीं असें दिसतें. आणि सर्वांत महत्त्वाचें, मूळ कागद टाकूं नये. जागा नसेल तर तो विकावयास काढूं नये किंवा वांटून घेऊं नये; संपूर्ण रुमाल, त्याच्या क्रमासह, एखाद्या संशोधनसंस्थेच्या स्वाधीन करावा.

२०२५ च्या अर्थसंकल्पांत केंद्र सरकारनें ‘ज्ञानभारतम्’ या योजनेची घोषणा करून एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंद व जतन करण्याचें उद्दिष्ट ठेविलें आहे. येत्या वर्षांत अनेक घरांच्या माळ्यांवर प्रतिमा काढणारे येतील, आणि ते यावेत हें इष्टच आहे. परंतु ते निघून गेल्यावर त्या माळ्याचें काय होतें यावर पुढच्या शतकाचें संशोधन अवलंबून राहील. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गांवोगांव हिंडून दप्तरें मिळवीत असत तेव्हां त्यांचा झगडा वाळवीशीं, ओलाव्याशीं व धन्यांच्या अनास्थेशीं होता. आज धन्यास अनास्था नाहीं. आपलें कर्तव्य संपलें अशी त्याची प्रामाणिक समजूत होत आहे, आणि ती समजूत वाळवीपेक्षां लौकर काम करिते.

ते गृहस्थ पंधरा दिवसांनीं पुनः आले. चिकटलेलीं दोन पत्रें वाफेनें, जाणत्या हातानें सोडविण्यांत आलीं होतीं व गळालेल्या दोन बाजूंच्या प्रतिमा त्यांनीं बरोबर आणल्या होत्या. चारहि रुमाल अद्याप वाड्यांतच आहेत; वाड्याचा सौदा व्हावयाचा आहे. तो होण्यापूर्वीं ते योग्य स्थळीं पोंचावेत अशी आमची खटपट चालू आहे. ज्यांच्या घरीं असे रुमाल असतील व ज्यांच्या मनांत हाच प्रश्न उभा राहिला असेल, त्यांनीं सौदा होण्यापूर्वींच, मागाहून नव्हे, एखाद्या संस्थेचें दार ठोठावावें, एवढीच विनंति करून हा लेख पुरा करितों.